यूथ आलिया: बारा मुलांपासून वाढत गेलेली संस्था (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यूथ आलिया म्हणजे नेमके काय?

आईवडिलांपासून तुटलेल्या, हाकलल्या गेलेल्या किंवा घरच्या हलाखीमुळे मागे पडलेल्या ज्यू मुलांना सांभाळून, शिकवून पायावर उभे करणारी संस्था. हिब्रूत तिला ‘आलियात हानोआर’ म्हणतात. नोआर म्हणजे तरुण मुले. आलिया म्हणजे वर चढणे. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायला व्यासपीठावर जाणे ही आलिया, आणि ज्यूंनी इस्रायलच्या भूमीत राहायला जाणे हीसुद्धा आलियाच. अलिबाग-पेण-मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांत हा शब्द नवा नाही.

संस्था १९३२ साली बर्लिनमध्ये सुरू झाली. तिच्या कामाचा केंद्रबिंदू ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये होता, १९४८ नंतर इस्रायलमध्ये. पैसा मात्र बराचसा अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांतल्या ज्यू बायकांनी उभा केला. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण संस्थेच्या इतिहासात भाषणे पुरुषांची आणि हिशोबाच्या वह्या बायकांच्या, असे वारंवार दिसते.

सुरुवात कशी झाली?

१९३२च्या आरंभी बर्लिनमध्ये रेखा फ्रायर यांच्याकडे सोळा वर्षांची पाच मुले आली. (नाव मराठी वाटले तरी बाई जर्मन होत्या. जन्म १८९२, उत्तर समुद्राजवळच्या नोर्डेन गावी. व्यवसायाने शिक्षिका, संगीताच्या आणि लोककथांच्या अभ्यासक. यजमान रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू.) मुलांची तक्रार साधी होती: आम्ही ज्यू आहोत म्हणून कामावरून काढले, आता करायचे काय? फ्रायरबाई ज्यू समाजाच्या रोजगार कार्यालयात गेल्या. तिथे उत्तर मिळाले की मंदी आहे, दिवस पालटतील, तोवर थांबा.

त्या थांबल्या नाहीत. मुलांना पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर, पाठवायचे त्यांनी ठरवले. बेन शेमेन येथे झिगफ्रिड लेहमान या डॉक्टरांनी १९२७ मध्ये मुलांचे एक युवाग्राम उभे केले होते. तिथे बारा जागा मिळाल्या. १२ ऑक्टोबर १९३२ रोजी बर्लिनच्या आनहाल्टर स्थानकावरून पहिली बारा मुले निघाली.

पुढच्या जानेवारीत फ्रायरबाईंनी या कामासाठी समितीची रीतसर नोंदणी केली. तो दिवस होता ३० जानेवारी १९३३. त्याच दिवशी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. समितीची तयारी आधीपासून चालू होती, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण या तारखेमुळे एक गोष्ट स्पष्ट होते: संकट दाराशी आले तेव्हा यंत्रणा नुकतीच का होईना, उभी होती. त्यानंतर सुरू झालेल्या कितीतरी चांगल्या योजनांना तेवढा अवधी मिळालाच नाही.

संस्थापक कोण: रेखा फ्रायर की हेन्रिएटा सोल्ड?

कल्पना फ्रायर यांची, यंत्रणा सोल्ड यांची. एवढ्यावर हे उत्तर संपत नाही, कारण दोघींचे पटत नव्हते आणि त्या न पटण्यातही शिकण्यासारखे आहे.

हेन्रिएटा सोल्ड यांचा जन्म १८६० सालचा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. तिथे त्यांनी स्थलांतरितांसाठी रात्रशाळा चालवली, १९१२ मध्ये ‘हदासा’ ही ज्यू बायकांची संघटना काढली. १९३१ पासून त्या पॅलेस्टाइनमधल्या ज्यू समाजाचे समाजसेवेचे खाते पाहत होत्या. फ्रायर यांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी आधी चक्क नकार दिला. इथल्याच मुलांना शाळा नाही, छप्पर नाही. बाहेरची कुठे ठेवू? प्रश्न रास्त होता. १९३३ मध्ये त्या निवृत्त होऊन बहिणींकडे अमेरिकेला परतण्याच्या विचारात होत्या. त्याऐवजी सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जेरुसलेममधल्या कार्यालयाची सूत्रे हाती घेतली. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऐन हारोद किबुत्झसाठीचा ४३ मुलांचा गट हैफा बंदरात उतरला तेव्हा त्या स्वतः धक्क्यावर हजर होत्या. वय ७३.

सोल्ड नियमाने चालणाऱ्या. जागा पाहिल्याशिवाय, पैसे हातात आल्याशिवाय, शिक्षक ठरल्याशिवाय मूल बोलवायचे नाही. फ्रायर यांचे म्हणणे, आधी मूल बाहेर काढा, बाकीचे मागाहून. छळछावण्यांत डांबलेल्या माणसांना सोडवण्यासाठी फ्रायर यांनी बर्लिनच्या कार्यालयातली कागदपत्रे परवानगी न घेता वापरली. सहकाऱ्यांनी त्यांनाच कामावरून दूर केले. १९४१ मध्ये त्या जेरुसलेमला पोहोचल्या तेव्हा सोल्ड यांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली नाही. मग त्यांनी स्थानिक गरीब मुलांना किबुत्झवर पाठवणारी वेगळी संस्था काढली. ‘इस्रायल पारितोषिक’ त्यांना १९८१ मध्ये मिळाले, मृत्यूच्या तीन वर्षे आधी. तोपर्यंत सोल्ड यांना मुलांची आई मानण्याची प्रथा इतकी रुजली होती की त्यांच्या स्मृतिदिनी, ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या ३० तारखेला, इस्रायलमध्ये मातृदिन पाळत. आता तोच कुटुंबदिन झाला आहे.

आमचे मत: फ्रायर नसत्या तर संस्था जन्मलीच नसती, सोल्ड नसत्या तर दुसऱ्या वर्षी कोलमडली असती. फ्रायर यांना मान मिळायला पन्नास वर्षे लागली, हा अन्याय होता.

ब्रिटिश सरकार परवाने मोजून देत असे. मग मुलांची संख्या वाढली कशी?

संस्थेच्या वाढीचे खरे कारण या नियमात दडलेले आहे. ब्रिटिश पॅलेस्टाइनमध्ये स्थलांतराचे गट होते. ‘अ’ गट भांडवलवाल्यांचा: १,००० पौंड दाखवा आणि या. ‘क’ गट मजुरांचा. त्याचा कोटा सरकार ठराविक मुदतीने ठरवी आणि तो कायम अपुरा पडे. ‘ड’ गट अवलंबून असलेल्या नातेवाइकांचा. ‘ब’ गटात ज्यांच्या पोटापाण्याची हमी दुसऱ्याने घेतली आहे असे लोक येत, आणि त्यातच विद्यार्थी बसत.

मुलगा ‘विद्यार्थी’ म्हणून आला तर मजुरांच्या कोट्यातून एकही परवाना खर्च होत नसे. अट एकच: शिक्षणाच्या काळातल्या राहण्याजेवणाच्या खर्चाची लेखी हमी. म्हणजे जेवढ्या मुलांची हमी, तेवढे अर्ज. देणगीचा प्रत्येक हप्ता थेट परवान्यात बदलत होता. म्हणूनच सोल्ड पैशांच्या बाबतीत एवढ्या काटेकोर होत्या. एक हमी बुडाली तर पुढचे सगळे अर्ज संशयात सापडले असते.

मे १९३९च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने हा मार्गही अरुंद केला. पुढच्या पाच वर्षांत मिळून ७५,००० ज्यू, त्याच्या वर नाही. विद्यार्थीही त्यातच मोजले जाऊ लागले.

जर्मनीतल्या मुलाला निवडीपासून किबुत्झपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जावे लागे?

वय साधारण १५ ते १७. अर्ज, पालकांची संमती, डॉक्टरची तपासणी. त्यानंतर काही आठवडे जर्मनीतच एखाद्या शेतावर तयारीचे शिबिर. शिबिराचा खरा हेतू शेती शिकवण्याचा नव्हता, तेवढ्यात शेती येतही नाही. मूल घराबाहेर झोपते का, गटात मिसळते का, अंगमेहनतीला घाबरते का, हे तिथे पाहत. शिबिरातून काहींना परत पाठवावे लागे. १९३८ नंतर असे परत पाठवणे म्हणजे काय होते, हे आज आपल्याला माहीत आहे. निवड करणाऱ्यांना ते माहीत नव्हते.

दरम्यान जेरुसलेमचे कार्यालय जागा शोधे. किबुत्झला आधी दाखवावे लागे की राहायला नीट जागा आहे, शिकवायला माणूस आहे, आजारपणात सोय आहे. मग सरकारकडे अर्ज, मग परवाना. पुढे आगगाडीने त्रिएस्त किंवा मार्सेय, तिथून बोटीने हैफा. गट शिबिरात जमला तसाच, न फोडता, एकत्र पाठवायचा हा दंडक होता.

गट म्हणजे काय आणि त्याला एवढे महत्त्व का?

संस्थेची सगळी वाढ या एका घटकावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

साधारण वीस ते चाळीस मुलामुलींचा एक गट. त्याला ‘हेव्रात नोआर’ म्हणत. गटाला एक मद्रिख, म्हणजे मार्गदर्शक, बहुतेक त्याच किबुत्झचा सभासद. एक मेटापेलेत, म्हणजे सांभाळणारी बाई: कपडे, आजारपण, रात्रीचे रडणे तिच्याकडे. शिवाय शिक्षक. मुदत दोन वर्षे. दिवसाचे दोन भाग: सुमारे चार तास काम, चार तास शिक्षण. काम गोठ्यात, कोंबड्यांकडे, भाजीच्या मळ्यात, फळबागेत, स्वयंपाकघरात, धोबीखान्यात, कार्यशाळेत, आळीपाळीने. शिक्षणात आधी हिब्रू, मग बायबल, इतिहास, भूगोल, निसर्गविज्ञान.

आपल्या आश्रमशाळेशी हे ताडून पाहिले तर एक मोठा फरक दिसेल. हे वसतिगृह कुंपणाआड नव्हते. मुले चालत्याबोलत्या गावात राहत. जेवण गावाच्याच भोजनगृहात, काम गावच्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून. वेगळी इमारत, वेगळा स्वयंपाक, वेगळे कर्मचारी उभे करायचा खर्च वाचे आणि मूल अनाथाश्रमातले म्हणून वेगळे पडत नसे. नवा गट घ्यायचा तर नवी संस्था बांधायची नाही, नवा किबुत्झ तयार करायचा. बारा मुलांची गोष्ट हजारांवर गेली ती या सोयीमुळे.

दोन वर्षांनी गट बहुधा एकत्रच राही. काहींनी मिळून नवी वस्ती वसवली. १९३८ मध्ये उभे राहिलेले अलोनिम किबुत्झ यूथ आलियाच्या पहिल्या मुलांचे.

बिघडायचे कुठे? सुगीच्या दिवसांत किबुत्झला हात हवे असत आणि सर्वांत आधी हिब्रूचा तास रद्द होई. एकदा रद्द झालेला तास आठवडाभर रद्दच राही. तक्रार मुले करत नसत, कारण काम करताना ती मोठी ठरत आणि वर्गात पुन्हा लहान. दुसरी अडचण मद्रिखाची. शेतीत तरबेज असलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण घर तुटलेल्या मुलाशी काय बोलायचे हे शिकलेला नसे. मद्रिख मध्येच बदलला तर गट हमखास विस्कटे. तिसरी अडचण संख्येची: पंधराच्या आत गट गेला तर शिक्षकाचा खर्च परवडत नसे, चाळीसच्या वर गेला तर मद्रिखाला मुले नुसती नावाने माहीत राहत.

खर्च कोणी केला?

अमेरिकेत ‘हदासा’ने १९३५ पासून ही जबाबदारी घेतली, आणि अमेरिकेतला निधी गोळा करण्याचे काम तिच्याकडेच राहिले. विनोदी नट एडी कँटर यांनी या कामासाठी सभा घेऊन भरपूर पैसा जमवला. ब्रिटनसह इतर देशांत ‘विझो’ या बायकांच्या संघटनेने तेच केले. ज्यांना झेपले त्या जर्मन पालकांनी आपला वाटा उचलला. किबुत्झला दर मुलामागे मासिक रक्कम मिळे. मुलाच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने उरलेला खर्च काही अंशी भरून निघे, पूर्ण कधीच नाही.

देणगीदाराला ठराविक रकमेत एका मुलाची दोन वर्षे, असा सरळ हिशोब सांगता येई. ‘गरिबांना मदत करा’ यापेक्षा हे समजायला सोपे होते, आणि दोन वर्षांनी त्या मुलाचे काय झाले हेही सांगता येई.

आईवडिलांचे काय झाले?

बहुतेकांची मुलांशी पुन्हा भेट झाली नाही. मुलांना वाटे की आपण आधी जातो, मग आईबाबांसाठी परवाना मिळवतो. काही जण किबुत्झच्या कार्यालयात रोज त्याच चौकशीला जात. युद्ध सुरू झाल्यावर टपाल बंद झाले. रेड क्रॉसमार्फत निरोप पाठवता येई, जास्तीत जास्त २५ शब्दांचा. उत्तर यायला महिने लागत. १९४२ नंतर अनेकांची उत्तरे यायची थांबली.

युद्धकाळात काम थांबले का?

वाटा बदलल्या. नोव्हेंबर १९३८च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर जर्मनीत थांबणे अशक्य झाले आणि परवाने तर पुरत नव्हते. म्हणून पॅलेस्टाइनचा परवाना येईपर्यंत मुलांना डेन्मार्क, स्वीडन, हॉलंड, ब्रिटनमधल्या शेतांवर ठेवले गेले. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडमधली बाल्फोर घराण्याची व्हिटिंगहॅम ही मालमत्ता आणि वेल्समधला ग्रिख किल्ला अशा कामी आला. किल्ला ऐकायला भव्य वाटतो, पण रिकाम्या पडलेल्या त्या वास्तूत शेकडो मुलांची सोय लावणे किती कठीण गेले असेल, ते ओळखता येईल.

रेखा फ्रायर १९४० च्या उन्हाळ्यात बेकायदा सीमा ओलांडून युगोस्लाव्हियात गेल्या. तिथून मुलांच्या सुटकेची व्यवस्था केली आणि त्यांतल्या अनेकांना पॅलेस्टाइनला पोहोचवले. उरलेली मुले जर्मन आक्रमणानंतर स्लोव्हेनियातून इटलीत, मोडेनाजवळच्या नोनान्तोला गावी आली. तिथल्या व्हिला एम्मा या घरात ७३ मुले राहिली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा गावाने, तिथल्या डॉक्टरने आणि धर्मगुरूने त्यांना घराघरांत आणि धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात लपवले, आणि काही आठवड्यांत ती स्वित्झर्लंडला पोहोचली.

‘तेहरानची मुले’ कोण होती? त्यांचा कराचीशी आणि कोल्हापूरशी काय संबंध?

१९३९ मध्ये पोलंडची फाळणी झाली. पूर्वेकडे पळालेल्या ज्यू कुटुंबांना सोव्हिएत सरकारने सायबेरियाकडे हलवले. १९४१ नंतर ती समरकंद-बुखाराच्या बाजूला सरकली. उपासमार आणि टायफस यांत आईवडील गेले, किंवा त्यांनीच मुलांना पोलिश अनाथाश्रमाच्या दारात सोडले, कारण तिथे निदान भाकरी होती. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांचे पोलिश सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आले, त्याबरोबर हजारो नागरिक आणि त्यांच्यात ही ज्यू मुले. तेहरानजवळ दोशान तपे येथे तंबूंत त्यांची वेगळी छावणी झाली.

त्याच स्थलांतरातले ख्रिस्ती पोलिश निर्वासित पुढे जामनगरजवळच्या बालाचडीला आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात राहिली. आजचे गांधीनगर तिथेच आहे. कोल्हापूरकरांना ही कथा पाठ आहे. तिचाच दुसरा फाटा हैफाकडे गेला, हे सहसा सांगितले जात नाही.

तेहरानहून पॅलेस्टाइनचा सरळ रस्ता इराकमधून जातो. इराकने परवानगी नाकारली. म्हणून जानेवारी १९४३ मध्ये मुलांना आगगाडीने इराणी आखातावरच्या बंदर शाहपूरला, तिथून बोटीने उलट दिशेला कराचीला आणले. कराचीत काही दिवस तंबूंत मुक्काम. मग अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून सुएझ, पुढे सिनाईतून आगगाडी. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी साडेआठशेच्या आसपास मुले मोठ्या माणसांसह हैफाजवळच्या अतलितच्या छावणीत पोहोचली. (सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींची वस्ती आणि सिनेगॉग होते.) दुसरा छोटा गट त्याच वर्षी पुढे इराकमार्गे आला.

या मुलांनी संस्थेला नवा धडा दिला. जर्मनीहून आलेली मुले घर सोडून आली होती. ही उपासमारीतून आली होती. जेवणाच्या टेबलावरची भाकरी क्षणात नाहीशी होई आणि गाद्यांखाली सापडे. दरडावून उपयोग नव्हता. भाकरी उद्याही मिळणार, हे मुलाला स्वतःच्या अनुभवाने पटेपर्यंत टेबलावर ती भरपूर ठेवणे, हाच उपाय. दुसरी अडचण वयाची. कागद नव्हते. कुणी अन्नासाठी वय कमी सांगितलेले, कुणी भावंडांना सांभाळायचे म्हणून जास्त. इयत्ता ठरवताना सांगितलेल्या वयावर विसंबणे धोक्याचे होते. आणि भावंडे: वयाप्रमाणे गट पाडले की ती वेगळी होत, आणि धाकटे मूल खाणे टाके.

या मुलांवरून धर्माचा वाद का झाला?

कारण किबुत्झ बहुतेक धर्माचरण न मानणारे होते आणि मुले बरीचशी सनातनी घरांतली. मूल कुठल्या शाळेत गेले, त्यावर ते पुढे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, पाळेल की नाही हे ठरणार होते. ज्यांचे आईवडील बहुधा हयात नव्हते त्यांच्या वतीने कोण ठरवणार? पक्ष, रब्बाय, वर्तमानपत्रे सगळे उतरले. शेवटी सोल्ड यांनी मार्ग काढला: चौदा वर्षांवरील मुलाने स्वतः ठरवायचे, त्याहून लहान मुलाला त्याच्या घरच्या वळणाप्रमाणे पाठवायचे.

नियम चांगला होता, अंमल कठीण. आठ वर्षांच्या मुलाला ‘घरी शुक्रवारी मेणबत्त्या लावत होते का’ असे विचारून घराचे वळण ठरवायचे, आणि ते मूल तीन वर्षे घराबाहेर. शिवाय विचारणाऱ्याचीही इच्छा असतेच. दोन्ही बाजूंनी मुले ओढल्याच्या तक्रारी झाल्या. आमच्या मते त्यांत तथ्य होते.

युद्ध संपल्यावर?

सोल्ड फेब्रुवारी १९४५ मध्ये वारल्या. युरोपातल्या निर्वासित छावण्यांत, मठांत, शेतकऱ्यांच्या घरांत जिवंत राहिलेली मुले शोधणे हे पुढचे काम. ब्रिटिशांनी अडवलेल्या बोटींतली माणसे १९४६ पासून सायप्रसच्या छावण्यांत ठेवली जात, त्यांत अनाथ मुलांचीही मोठी संख्या होती. संस्थेने तिथेच तारेच्या आत शाळा चालवली. युद्धाआधी सुमारे पाच हजार मुले आली होती, युद्धानंतरच्या वर्षांत आणखी सुमारे पंधरा हजार.

यांच्यासाठी दोन वर्षांचा जुना साचा अपुरा पडला. पाच वर्षे शाळा न पाहिलेल्या मुलाला चार तास पुरत नाहीत. किबुत्झबरोबरच पूर्णवेळ युवाग्रामे वाढली: रामत हदासा सोल्ड, हदासा नेऊरिम, १९५३ मधले येमिन ओर्द. खर्च वाढला, कारण आता इमारती आणि कर्मचारी संस्थेचेच.

ओस्लोच्या विमान अपघाताचा उल्लेख कुठे कुठे येतो. तो काय?

उत्तर आफ्रिकेतल्या आजारी, अशक्त मुलांना आधी नॉर्वेत काही महिने ठेवून सुधारून मग इस्रायलला न्यायचे, अशी योजना होती. २० नोव्हेंबर १९४९ रोजी ट्युनिसहून निघालेले विमान ओस्लोजवळ हुरुम येथे कोसळले. २८ मुलांपैकी एकच मुलगा वाचला. नॉर्वेच्या लोकांनी निधी जमवला आणि त्यातून इस्रायलमध्ये यानुव ही वस्ती उभी राहिली.

मोरोक्कोच्या मुलांबाबत संस्था चुकली, असे म्हणतात. खरे का?

हो. एक चूक सुधारली, दुसरी बरीच वर्षे राहिली.

१९५० च्या दशकात फ्रान्समध्ये मॉन्पेलिएजवळ कांबू येथे प्रवासाआधीचे केंद्र होते. तिथे मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेत. मोरोक्कोची मुले त्यांच्या वयापेक्षा तीन ते सहा वर्षे मागे आली. चाचण्या युरोपातल्या, कागद-पेन्सिलीच्या. अनेक मुलांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. निकाल तसाच धरला असता तर निम्म्या मुलांवर मंदबुद्धी असा शिक्का बसला असता.

संस्थेतलेच मानसशास्त्रज्ञ रूव्हेन फॉयरश्टाइन यांनी पद्धत उलटी केली. आधी चाचणी, मग त्याच प्रकारचे कोडे मुलाबरोबर बसून सोडवणे, मग पुन्हा वेगळी चाचणी. पहिल्या गुणांना महत्त्व नाही. शिकवल्यावर किती फरक पडला ते मोजायचे. फरक मोठा पडत होता. यातून पुढे विचार करायला शिकवणारा १४ साधनांचा संच झाला. पहिले साधन ठिपक्यांचे: विस्कटलेल्या ठिपक्यांमधून नमुन्याबरहुकूम चौकोन-त्रिकोण शोधून जोडायचे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला यात नवल वाटणार नाही. घाई केली की चुकते, आधी मनात रेष ओढावी लागते. नेमके तेच शिकवायचे असते.

दुसरी चूक संस्कृतीची. अरबी बोलणाऱ्या, आजोबांचा हात चुंबणाऱ्या, सिनेगॉगला जाणाऱ्या मुलाला ‘आधुनिक’ करायचे म्हणजे त्याचे घर विसरायला लावायचे, असा समज होता. जर्मन मुलांचे घर हिटलरने मोडले होते. मोरोक्कन मुलांचे आईवडील जिवंत होते, वर्ष-दोन वर्षांनी येऊन पोहोचत आणि मुलगा त्यांना परका झालेला दिसे. अनाथांसाठी बनवलेला साचा आईवडील असलेल्या मुलांना लावला, हे त्यामागचे कारण.

इस्रायलमध्येच जन्मलेली गरीब मुले संस्थेत केव्हा आली?

मुख्यतः १९७० च्या दशकात. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांच्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ या नावाने आंदोलन उभारले. (पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर निघाली. दोघांनी नाव अमेरिकेतूनच घेतले.) त्यांनी दाखवून दिले की स्थलांतरितांची मुले दुसऱ्या पिढीतही मागेच आहेत. त्यानंतर यूथ आलियाने वस्तीतली, शाळा सुटलेली मुले मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली. सोल्ड यांनी १९३२ साली विचारलेला प्रश्न, इथल्या मुलांचे काय, चाळीस वर्षांनी कार्यक्रमात आला.

इथे पालक जवळ असतात, म्हणून घरी जाण्याचे शनिवार, पालकांच्या बैठका आणि समाजसेविकेच्या भेटी याच कामाचा गाभा होतात. त्या टाळल्या की मूल सुट्टीला घरी जाते ते परत येत नाही.

इथिओपियाच्या मुलांचे काय?

१९८४-८५ च्या विमानसफरींत हजारो इथिओपियन ज्यू आले. अनेक मुलांचे आईवडील सुदानच्या वाटेवर वारले किंवा मागे राहिले होते. जवळजवळ सगळी मुले यूथ आलियाच्या धार्मिक निवासी शाळांत गेली. मुलांना लगेच हिब्रू नावे देण्यात आली. इथिओपियन नावात आजीआजोबांनी ठेवलेला अर्थ असतो. तो एका सकाळी पुसला गेला. पुढे अनेकांनी मूळ नावे परत घेतली. एकाच पार्श्वभूमीची मुले एका ठिकाणी गर्दी करून ठेवली की बाहेरच्या मुलांशी ओळखच होत नाही, हेही तेव्हा दिसले.

संस्था आज आहे का?

वेगळी संघटना म्हणून नाही. १९९० च्या दशकात तिचे काम इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाकडे गेले. युवाग्रामे चालू आहेत, हदासा आणि विझो अजून पैसा देतात. आजवर तीन लाखांहून अधिक मुले या वाटेने गेली, असे हदासा सांगते.

महाराष्ट्रातल्या बेने इस्रायली मुलांचा यात सहभाग होता का?

होता. १९४८ नंतर मुंबईहूनही मुले यूथ आलियामार्फत गेली, काही आईवडिलांच्या आधी. पालकांना निर्णय सोपा नव्हता. १९५१-५२ मध्ये तिथे गेलेल्या काही बेने इस्रायलींनी भेदभावाविरुद्ध तेल अविवमध्ये ठाण मांडले आणि भारतात परत पाठवा अशी मागणी केली, ही बातमी इथे पोहोचली होती. शिवाय इथे समाजाची स्वतःची सोय होती: हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली शाळा, पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा.

घरातले कुणी लहानपणी यूथ आलियामधून गेले होते. नोंद कशी शोधावी?

संस्थेची कागदपत्रे जेरुसलेमच्या सेंट्रल झायोनिस्ट आर्काइव्हमध्ये आहेत. विभागाची खूण एस७५. पत्र पाठवताना पुढील माहिती एकत्र द्या: जन्मतारीख (अंदाजे असेल तर तसे लिहा), आईवडिलांची नावे, निघाल्याचे वर्ष, बोट की विमान, आणि आठवत असेल तर युवाग्रामाचे किंवा किबुत्झचे नाव. ग्रामाचे नाव सर्वांत उपयोगी, कारण याद्या बहुधा गटवार असतात.

शोध फसतो तो नावावर. पेणकर, नवगावकर, केहिमकर अशी गावावरून आलेली आडनावे हिब्रूत लिहिताना स्वर गळतात आणि इंग्रजीत परत येताना वेगळीच होतात. काहींनी आडनाव पार बदलले. कधी वडिलांचे नावच आडनाव म्हणून नोंदले गेले. म्हणून मराठी, इंग्रजी आणि जमल्यास हिब्रू अशा तिन्ही लिप्यांत, सगळ्या शक्य वर्णलेखनांसह नाव द्या. पाळण्यातले नाव आणि सिनेगॉगमधले नाव वेगळे असेल तर दोन्ही लिहा. जुना पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला किंवा गटाचा फोटो असेल तर त्याची दोन्ही बाजूंची प्रत जोडा. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव अनेकदा तिथेच सापडते.